टीईटी पास झाली, मग गाडी अडली कुठे?

आमच्या गल्लीतल्या काकूंनी परवा पेढे वाटले. धाकटी लेक टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास झाली. पेढा माझ्या तोंडात असतानाच काकूंनी विचारलं, "मग आता शाळेवर कधी हजर व्हायचं हिनं?" लेक मागेच उभी होती. तिने माझ्याकडे बघून नुसते डोळे मोठे केले, म्हणजे काका, आता तुम्हीच सांगा.

काकूंना दोष देण्यात अर्थ नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी द्यावी लागेल असा निकाल दिला. तेव्हापासून हा शब्द बातम्यांत सारखा येतोय आणि टीईटी म्हणजेच नोकरी, असं अनेक घरांनी धरून टाकलंय. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक कसा नेमला जातो, हे बीएड केलेल्या पोरांनाही नीट सांगता येत नाही, मग आईबापांना कुठून कळणार?

गावजेवणाची पंगत डोळ्यासमोर आणा. टीईटी म्हणजे पंगतीला बसायची परवानगी. त्यानंतरची दुसरी परीक्षा तुमचा रांगेतला नंबर ठरवते. पण पत्रावळी किती मांडायच्या, हे या दोन्ही परीक्षांच्या हातात नाही. तो हिशोब तिसरीकडेच होतो. अभ्यास करणारी मुलं पहिल्या दोन गोष्टींवर वर्षं घालवतात आणि तिसरीकडे कुणाचं लक्षच नसतं.

## डीएड कोणाला, बीएड कोणाला

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बारावीला किमान ५० टक्के (मागास प्रवर्गांना सवलत आहे) आणि दोन वर्षांचं डीएड लागतं. कागदोपत्री त्याला आता डीएलएड म्हणतात, बोलताना सगळे डीएडच म्हणतात. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि सोबत डीएड किंवा बीएड. नववी-दहावीसाठी पदवी आणि बीएड. अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवी आणि बीएड.

"बीएड मोठी पदवी, मग तिला पहिलीचा वर्ग का नको?" हा प्रश्न हमखास येतो. २०१८ मध्ये केंद्राच्या पातळीवर एक अधिसूचना निघाली आणि बीएडवाल्यांना प्राथमिकचं दार उघडलं. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. सहा वर्षांच्या पोराला अक्षरओळख करून देण्याचं शास्त्र वेगळं आहे आणि ते बीएडमध्ये शिकवलं जात नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा गाभा होता. सफारी सूट शिवणाऱ्या शिंप्याला बाळाचं झबलं जमेलच असं नाही, तसंच हे. मला स्वतःला हा निकाल पटतो. ज्यांनी २०१८ च्या भरवशावर बीएडला पैसे घातले, त्यांच्याबद्दल मात्र वाईट वाटतं.

## टीईटी आणि टेट: नावं जुळी, कामं वेगळी

निम्मा गोंधळ नावांमुळेच होतो. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच वर्षी पहिली ते आठवीच्या शिक्षकांना ही परीक्षा देशभर बंधनकारक झाली. महाराष्ट्रात पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ ला झाली. ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. १५० प्रश्न, १५० गुण. उत्तीर्ण व्हायला खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात, राखीव गटांना ५५ टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सीबीएसईची केंद्रीय परीक्षा, म्हणजे सीटीईटी, पास असाल तर तीही चालते. पूर्वी हे प्रमाणपत्र सात वर्षांनी बाद व्हायचं, २०२१ पासून ते आयुष्यभरासाठी आहे.

दुसरी परीक्षा शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. उमेदवार तिला 'टेट' म्हणतात. हिच्यात पास-नापास नसतंच. २०० प्रश्न आणि १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. १२० प्रश्न अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. यात मिळालेल्या गुणांवर राज्यभरातल्या उमेदवारांची एक भलीमोठी रांग लागते आणि भरती त्या रांगेतून होते. नववी ते बारावीला टीईटी लागत नाही, पण टेट त्यांनाही चुकत नाही.

टीईटीला १४० गुण मिळालेली मुलगी टेटला मागे पडली तर ते १४० गुण कुणी विचारत नाही. टीईटी घासून पास झालेला मुलगा टेटमध्ये १५० च्या पुढे गेला तर तो तिच्या आधी शाळेत पोचतो. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग पेढे टेटला वाटायला हवे होते."

टेट दरवर्षी होत नाही, ही आणखी एक पंचाईत. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये, तिसरी मे-जून २०२५ मध्ये. पहिल्या दोहोंत पाच वर्षांचं अंतर. वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३. वाट बघता बघता वय गेलेली माणसं प्रत्येक तालुक्यात भेटतील. त्यातले काही आज शिकवण्या घेतात, काहींनी झेरॉक्सचं दुकान टाकलंय.

## पत्रावळी कोण मोजतं?

या सगळ्या कहाणीचं मूळ इथे आहे. शिक्षकाची जागा मंत्रालयात जन्माला येते असं आपल्याला वाटतं. ती जन्माला येते गावातल्या शाळेच्या हजेरीपटावर.

थोडं मागे जाऊ. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी शाळांची पटपडताळणी झाली. तीच मुलं दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजली जाऊ नयेत म्हणून त्यांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. कागदावरची लाखो मुलं वर्गात सापडलीच नाहीत. अनुदान आणि शिक्षकांच्या जागा दोन्ही पटावर ठरत असल्यामुळे पट फुगवण्यात अनेकांचा फायदा होता. पडताळणीनंतर शिक्षक जास्त आणि मुलं कमी असं चित्र समोर आलं. २ मे २०१२ ला सरकारने अतिरिक्त शिक्षकांची सोय लागेपर्यंत नवीन भरतीच थांबवली. २०१० च्या सीईटीनंतर (ती तेव्हाची शिक्षक भरतीची परीक्षा) जिल्हा परिषदांची भरती जी थांबली, ती मोठ्या प्रमाणावर पुन्हा सुरू व्हायला २०१९ उजाडलं. मधल्या काळात डीएड कॉलेजं धडाधड बंद पडली. आधी बारावीनंतर डीएडच्या प्रवेशासाठी रांगा लागायच्या, हे आज सांगितलं तर मुलांना खरं वाटत नाही.

त्या धड्यातून आजची पद्धत आली. दरवर्षी ३० सप्टेंबरला शाळेत जेवढी मुलं आहेत, तेवढीच धरायची, आणि आता ती आधारशी जुळलेली हवीत. त्यावरून त्या शाळेला किती शिक्षक मंजूर, हे ठरतं. याला संच मान्यता म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याचं मूळ माप असं: पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने राज्याने निकष अधिक कडक केले. छोट्या शाळांना त्याचा फटका बसणार म्हणून शिक्षक संघटनांनी मोर्चेही काढले.

आता तुमच्याच गावात सकाळी आठ वाजता उभे राहा. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते आणि वीसेक पोरं घेऊन जाते. कमी होणाऱ्या पटात शिक्षकाचं एक पद कधी उडतं, ते कळतही नाही. बहुतेक वेळा त्या गाडीत शिक्षकांची मुलंही असतात आणि डीएड केलेल्या ताईचा भाचाही.

मंजूर पदातून कार्यरत शिक्षक वजा केले की रिक्त जागा कळतात. पण त्या लगेच भरतीला जात नाहीत. आधी अतिरिक्त ठरलेल्यांचं समायोजन होतं, म्हणजे त्यांची दुसऱ्या शाळेत सोय लावली जाते, आणि परजिल्ह्यातून बदलून येणाऱ्यांना जागा दिली जाते. उरलेल्यांतल्या किती भरायच्या, याला वित्त विभागाची मान्यता लागते. "राज्यात इतकी हजार पदं रिक्त" या मथळ्यात आणि प्रत्यक्ष जाहिरातीत एवढं अंतर का असतं, ते यावरून लक्षात येईल.

## बिंदुनामावली म्हणजे एसटीतल्या सीटा

एसटीत सीटांवर 'महिलांसाठी राखीव', 'दिव्यांगांसाठी', 'आमदार' असं लिहिलेलं असतं. शिक्षकांच्या पदांचंही तसंच आहे. प्रत्येक पदाला नंबर असतो आणि त्या नंबरावर प्रवर्गाचं नाव. या यादीला बिंदुनामावली म्हणतात. विभागीय आयुक्त कार्यालयातला मागासवर्ग कक्ष ती तपासतो. एखाद्या जिल्ह्यात एखाद्या प्रवर्गाचे शिक्षक आधीच भरपूर असतील तर त्या वेळी तिथे त्या प्रवर्गाला शून्य जागा निघू शकतात. शेजारच्या जिल्ह्यात त्याच प्रवर्गाला चाळीस निघतील. "आमच्यावर अन्याय झाला" म्हणण्याआधी हा तक्ता बघावा. कधी अन्याय खरंच असतो, कारण नामावल्या चुकतात. पण अनेकदा ते साधं गणित असतं.

याच्या आतही उपविभागणी आहे: महिला ३० टक्के, शिवाय माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, अंशकालीन, दिव्यांग, अनाथ. २०२४ मध्ये याचा मोठा परिणाम दिसला. त्या वर्षी २१,६७८ पदांची जाहिरात आली. त्यात जिल्हा परिषदांची १२,५२२, महापालिकांची २,९५१, नगरपालिकांची ४७७ आणि खासगी संस्थांची ५,७२८ पदं होती. मुलाखतीशिवाय भरायच्या १६,७९९ पदांपैकी फेब्रुवारीतल्या यादीत शिफारस झाली ११,०८५ जणांची. म्हणजे बाहेर लाखो उमेदवार उभे असताना साडेपाच हजारांहून जास्त जागा त्या यादीत रिकाम्या राहिल्या. माजी सैनिकासाठीच्या जागेवर डीएड, टीईटी आणि टेट तिन्ही केलेला माजी सैनिक मिळणं किती अवघड, याचा अंदाज करा. गणित-विज्ञान आणि इंग्रजी माध्यमाच्या जागांनाही माणसं कमी पडतात. अशा जागा पुढच्या फेरीत दुसऱ्यांकडे वळवल्या जातात, आणि 'कन्व्हर्जन राउंड कधी?' हा प्रश्न उमेदवारांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पडलेला असतो.

आदिवासी भागातल्या, म्हणजे पेसा क्षेत्रातल्या, शिक्षकांच्या जागा स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी ठेवलेल्या असतात. असं क्षेत्र १३ जिल्ह्यांत आहे.

## पवित्र पोर्टल नेमकं काय करतं

पूर्वी प्रत्येक जिल्हा परिषद आपली जाहिरात काढायची आणि खासगी संस्था तर गल्लीतल्या पेपरात कोपऱ्यात छापून मोकळी व्हायची. २०१७ पासून सगळ्या जागा आणि सगळे उमेदवार एकाच ठिकाणी आणले गेले, ते ठिकाण पवित्र पोर्टल. नावात श्रद्धेचा भाग काही नाही, एका लांबलचक इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं आहेत.

अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे एका मिनिटात कळेल. आधी स्व-प्रमाणपत्र भरायचं: शिक्षण, माध्यम, विषय, प्रवर्ग, गुण. मग पात्र असलेल्या जागांची यादी दिसते. तिथे प्राधान्यक्रम लावून तो लॉक करायचा. संगणक टेटच्या गुणांनुसार रांगेतल्या पहिल्यापासून सुरू करतो आणि ज्याला त्याच्या यादीतली वरची जी जागा मिळू शकते ती देतो. एका माणसाला शिफारस एकाच जागेची.

इथे एक चूक अनेकजण करतात. स्व-प्रमाणपत्र घाईत भरताना टिक चुकीची पडते: नॉन क्रिमीलेअर आहे, पण मुदत संपलेली, माध्यम चुकलं, विषय चुकला. शिफारस झाल्यावर कागदपत्रांच्या तपासणीत ते उघडं पडतं आणि हातात आलेली जागा जाते. जात वैधता प्रमाणपत्राला तर महिनोनमहिने लागतात. टेटचा निकाल आल्यावर त्याच्या मागे धावणं म्हणजे वऱ्हाड दारात आल्यावर पुरणाची डाळ शिजत घालणं.

अधिवास महाराष्ट्राचा लागतो. अपवाद सीमाभागातल्या ८६५ गावांचा. बेळगाव-निपाणीकडची ही गावं कर्नाटकात असली तरी महाराष्ट्राने त्यांच्यावर दावा केलेला आहे, आणि तिथल्या रहिवाशांना आपल्याकडच्या सरकारी नोकरीचा अर्ज करता येतो.

खासगी अनुदानित संस्थांना 'मुलाखतीसह' हा पर्याय आहे. पोर्टल एका जागेसाठी अनेक नावं पाठवतं, शेवटची निवड संस्था करते. जिल्हा परिषदेला मुलाखत नसते.

अजून एक गल्लत: जिल्हा परिषदेची सरळसेवा भरती, म्हणजे २०२३ ची १९,४६० पदांची गट-क ची जाहिरात, ही वेगळी गोष्ट. आरोग्यसेवक, ग्रामसेवक वगैरे पदं त्यात होती. शिक्षक त्या रस्त्याने येत नाहीत.

## "पण पैसे दिल्याशिवाय काही होत नाही!"

असं म्हणणाऱ्याला मी भाबडा समजत नाही. २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं प्रकरण पुणे पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये उघड केलं. खुद्द परीक्षा परिषदेच्या आयुक्तांना अटक झाली आणि पुढे ७ हजार ८०० हून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण निघालं. शालार्थ म्हणजे शिक्षकांच्या पगाराची संगणकप्रणाली. ज्यांची नेमणूकच नियमात नव्हती त्यांना खोटे आयडी देऊन पगार सुरू केल्याचा तो आरोप आहे. त्यात अधिकाऱ्यांना अटक झाली.

यातून एक गोष्ट मात्र दिसते. चोरी झाली ती परीक्षेच्या निकालात आणि खासगी संस्थांच्या नेमणुकीत, जिथे माणसाचा हात पोचतो तिथे. टेटच्या गुणांवरून मुलाखतीशिवाय लागणाऱ्या यादीत "तुमचं काम करून देतो" म्हणणारा एजंट बहुधा पन्नास जणांकडून पैसे घेतो, त्यातले दोन-चार आपल्याच गुणांवर लागतात, आणि त्यांचे पैसे हा स्वतःची कमाई म्हणून ठेवतो. बाकीच्यांना "पुढच्या फेरीत बघू". या धंद्याला भांडवलसुद्धा लागत नाही.

## "शाळाच बंद पडताहेत, तर नोकरी कसली?"

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात पंधरा हजारांच्या घरात आहेत, त्यामुळे ही भीती खोटी नाही. तरी शिक्षक दर महिन्याला निवृत्त होतात. आठ-नऊ वर्षं भरती बंद होती त्या काळाची पोकळीही अजून भरलेली नाही. शिवाय जागा सगळीकडे सारख्या कमी होत नाहीत. शहरांच्या कडेला वाढणाऱ्या गावांत वर्ग ओसंडताहेत आणि डोंगरातल्या वाडीत चार मुलं आहेत.

## नोकरीतल्यांना परीक्षा कशाला?

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा अर्थ असा: पहिली ते आठवीला शिकवणारे आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेले शिक्षक यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. पाचपेक्षा कमी वर्षं उरली असतील तर नोकरी चालू राहील, पण पदोन्नती हवी असेल तर टीईटी लागेल. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवला आहे. २५ वर्षं शिकवलेल्या गुरुजींना विद्यार्थ्याच्या शेजारच्या बाकावर बसवणं मला रुचत नाही, पण कायदा २०१० पासून लागू आहे आणि इतकी वर्षं तो प्रश्न कुणी सोडवला नाही, हेही खरं. नव्या उमेदवारांसाठी याचा अर्थ एवढाच, की टीईटीला गर्दी वाढली आहे. त्यांची टेटची रांग त्यामुळे लांबत नाही.

## लागली नोकरी, आता पगार किती?

पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षणसेवक. मानधन ठरलेलं: प्राथमिकला महिना १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार. २०२३ पर्यंत प्राथमिकचं मानधन ६ हजार होतं, हे वाचून थांबा जरा. तीन वर्षं पूर्ण झाली की प्राथमिकला २९,२०० मूळ वेतन, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. जुनी पेन्शन नाही, ती १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना बंद आहे. शिक्षकांना खासगी शिकवणीची बंदी कायद्यातच आहे. अशैक्षणिक कामांपैकी जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण एवढीच कायद्याला मान्य. प्रत्यक्षात खिचडीच्या नोंदी आणि रोज नवी लिंक भरणं कुणाला चुकलंय?

नेमणुकीचा आदेश जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी काढतात. शाळा समुपदेशनात मिळते: सभागृहात रिक्त शाळांची यादी लावलेली असते, नाव पुकारलं की उठून शाळा निवडायची. त्या दिवशी तालुक्याचा नकाशा आणि एसटीचं वेळापत्रक पाठ असलेला उमेदवार शहाणा.

## कुठला जिल्हा लिहायचा?

प्राथमिक शिक्षकाची सेवाज्येष्ठता जिल्ह्यापुरती असते. परभणीची मुलगी रत्नागिरीला लागली आणि काही वर्षांनी आंतरजिल्हा बदलीने परत आली, तर ती परभणीच्या यादीत सर्वांत खाली जाते. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख व्हायची तिची पाळी तेवढी लांबते. बदली मिळेलच असं नाही आणि मिळायलाही वर्षं जातात, कारण येणारा असल्याशिवाय जाणाऱ्याला सोडत नाहीत. कोकणातल्या जिल्ह्यांत हे दुखणं जुनं आहे: मराठवाडा-विदर्भातली मुलं तिकडे लागतात आणि पहिल्या दिवसापासून बदलीचा अर्ज मनात धरून असतात. म्हणून काही जण फक्त आपला आणि शेजारचा जिल्हा लिहितात आणि दोन गुणांनी हुकतात. काही जण सगळे जिल्हे लिहून टाकतात आणि मग दापोलीच्या पावसात छत्री धरून रडतात.

काकूंच्या लेकीने वहीच्या शेवटच्या पानावर जिल्ह्यांची यादी करून ठेवलीय. रत्नागिरी सातव्या नंबरावर आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.